दोघींचा बेत, एकटीचा प्रवास

सांगलीच्या एका वाचक ताईंचे पत्र सोमवारी रात्री पोर्तुगालमधील लिस्बनहून आले. वय 58, शाळेतून निवृत्त, शाकाहारी. मे महिन्याच्या अखेरीस आठवडाभर लिस्बन पाहण्याचा बेत त्यांनी मैत्रिणीबरोबर आखला होता. पण निघण्याच्या दहा दिवस आधी मैत्रीण जिन्यावरून घसरली, पायाला प्लास्टर बसले, आणि भरलेले पैसे परत मिळणार नसल्यामुळे ताई एकट्याच गेल्या. रविवारी सकाळी उतरल्या आणि दुपारीच यादी घेऊन बाहेर पडल्या. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामसाठी तासभर रांग, सांव जॉर्जच्या किल्ल्यावर रांग, सांता जुस्ताच्या लिफ्टपाशी पुन्हा रांग. रात्री एकटीने हॉटेलात जेवायला शिरण्याचा धीर झाला नाही, म्हणून खोलीत खाकरा खाऊन झोपल्या आणि पहाटे तीनला जाग आली ती आलीच. सोमवारी त्या शहराच्या बेलें भागात गेल्या, तर जेरोनिमोसचा मठ बंद. समोरच्या बागेत बसून त्या रडल्या, आणि संध्याकाळी पुण्याच्या मुलीला फोनवर ‘अगदी मजेत आहे’ असे सांगितले. त्या विचारतात, “मी एकटीने आले हे चुकले का? एकटीने फिरण्याचा माझा पिंडच नाही का? तिकीट बदलून लवकर परत येऊ का?” त्यांना मंगळवारी पाठवलेले उत्तर त्यांच्या परवानगीने येथे देत आहे.

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तिकीट आज बदलू नका. परत यावेसे वाटले तर जरूर या, त्यात कमीपणा काहीच नाही. पण तो निर्णय गुरुवारी सकाळी, पोटभर न्याहारी झाल्यावर घ्या. संध्याकाळी तर तो मुळीच घेऊ नका, आणि त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे.

लिस्बन आणि सांगली यांच्या घड्याळांत या दिवसांत साडेचार तासांचा फरक असतो. तुम्हाला पहाटे तीनला जाग आली तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसात वाजले होते. ज्या बाईने उभे आयुष्य सकाळची शाळा सांभाळली, तिला साडेसातपर्यंत झोप लागली, म्हणजे तिचे शरीर दमलेले होते इतकेच. ते कुठे बिघडले नव्हते. आता हाच हिशेब संध्याकाळी मांडून पाहा. लिस्बनमध्ये सात वाजतात तेव्हा तुमच्या अंगाला रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. बाहेर मात्र लख्ख उजेड असतो, कारण मेअखेरीस तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. चौक गजबजलेले, माणसे घोळक्याने बसून हसतखेळत खातपीत असतात, आणि त्या गर्दीत आपले अंग तेवढे अंथरूण मागत असते. अशा वेळी जे दाटून येते त्याला आपण एकटेपण म्हणतो, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग निव्वळ झोपेचा असतो. मी पहिल्यांदा एकटी लिस्बनला गेले तेव्हा दुसऱ्या संध्याकाळी रोसियू चौकात उभी असताना माझेही हातपाय असेच गळाले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच चौकात फरशीवरच्या काळ्यापांढऱ्या लाटांवरून चालताना मला आदल्या संध्याकाळचे काहीच आठवले नाही. तुमच्या पिंडाविषयीचा निकाल तुम्ही ज्या घटकेला दिलात, ती घटका निकाल देण्याची नव्हतीच.

दुसरे कारण म्हणजे तुमची यादी. ती दोघींसाठी केलेली होती. दोघी असल्या की एक रांगेत उभी राहते आणि दुसरी सावलीत टेकते, एक नकाशा पाहते आणि दुसरी पिशवी सांभाळते. कुठे वळायचे, काय खायचे, कंटाळा आला का, हे सगळे अर्धे अर्धे वाटले जाते. एकटीला प्रत्येक लहानसहान गोष्ट स्वतःच ठरवावी लागते, आणि ठरवण्याचा शीण चालण्याच्या शिणाहून मोठा असतो. त्यात तुम्ही रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दुपारी तीन रांगांमध्ये उभ्या राहिलात. त्या रांगांत काही पाहायला मिळाले का, याविषयी तुमच्या पत्रात एकही ओळ नाही, हे मला फार लागले. म्हणून ती यादी आता बाजूला ठेवा. लिस्बनजवळचे सिंत्रा गावही या खेपेला सोडून द्या. तिथले राजवाडे सुंदर आहेत, पण वेळ ठरवून घेतलेली तिकिटे आणि चढणीवरची गर्दी तुम्हाला पुन्हा त्याच रांगांत नेऊन उभी करील.

तीनला जाग येते, तर झोपेची वाट पाहत कुढत पडून राहू नका. दिवा लावा, चहा करा, मैत्रिणीला चार ओळी लिहा, आणि साडेसहाला, उजाडल्यावर, बाहेर पडा. त्या वेळचे लिस्बन दुपारच्या लिस्बनहून इतके निराळे असते की जणू गावच बदलले आहे. थेट तेजू नदीवर जा. नकाशात ज्या चौकाचे नाव प्रासा दु कुमेर्सिउ असे आहे, त्याला तिथली माणसे अजूनही तेरैरु दु पासु, म्हणजे राजवाड्याचे पटांगण म्हणतात. राजवाडा मात्र आता तिथे नाही. पटांगणाच्या कडेला दोन दगडी खांब आहेत आणि त्यांच्यामधून पायऱ्या पाण्यात उतरतात, अगदी आपल्या कृष्णेच्या घाटासारख्या. फरक इतकाच की समुद्र जवळ असल्यामुळे या नदीला भरती-ओहोटी असते, आणि एका वेळी दिसणाऱ्या पायऱ्या काही तासांनी पाण्याखाली गेलेल्या असतात. तिथे अर्धा तास बसा.

राजवाडा का नाही, हे कळले की पुढचे सगळे शहर उलगडते. 1 नोव्हेंबर 1755 या दिवशी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, माणसे चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली असताना मोठा भूकंप झाला. चर्चमधल्या आणि घरांतल्या पेटत्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि मोकळ्या जागेच्या शोधात नदीकाठी धावलेल्या लोकांवर समुद्राची लाट आली. नदीकाठचा राजवाडा गेला, सखल भागातले शहर गेले. राजाचा मंत्री, जो पुढे मार्केस दे पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्याने ते पुन्हा उभारले ते सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे. नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा बसवला, ज्याला तिथे पिंजरा म्हणतात. धक्का बसला तर दगडमाती ढासळेल, पण सांगाडा उभा राहील, असा विचार त्यामागे होता. पटांगणाच्या कमानीतून आत शिरलात की तुम्ही याच भागात, बायशात, येता. रस्त्यांच्या पाट्या वाचत चला: एक सोन्याचा रस्ता, एक चांदीचा, एक मोच्यांचा, एक कापडवाल्यांचा. ज्यांना सराफ कट्टा आणि कासार आळी ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मग उजवीकडच्या टेकडीवर अल्फामात चढा. त्या भागाने भूकंपात बऱ्यापैकी तग धरला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या आहेत: अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या, कुठे निघतील याचा भरवसा नसलेल्या. सरळ रस्ता संपून वाकडी गल्ली लागते ती जागा पायांना कळते. ही एक गोष्ट अशी चालून पाहिलीत, तर तुमच्या यादीतल्या पाच ठिकाणांपेक्षा अधिक लिस्बन तुमच्या पदरात पडेल.

चालताना पायांखाली लक्ष ठेवा. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांनी बांधलेले असतात. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ते गुळगुळीत झालेले असतात, आणि पावसाची सर आली की घसरडे होतात. रबरी तळाचे, टाच घट्ट धरणारे बूट घाला. मैत्रिणीच्या पायाची गोष्ट ताजी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आणि कुठे पदपथाची डागडुजी चाललेली दिसली तर थांबा. गेल्या खेपेला मी एका कारागिराचे काम पाहत वीसेक मिनिटे उभी होते. तो वीतभर उंचीच्या स्टुलावर बसला होता, बाजूला दगडांचा ढीग, समोर वाळूचा थर. डाव्या तळहातात दगड घ्यायचा, हातोडीने एक कोपरा उडवायचा, दगड फिरवायचा, पुन्हा एक टोला, मग तो शेजारच्या दोन दगडांमधल्या फटीत बसवायचा. बसला नाही तर पुन्हा उचलून आणखी कपचा काढायचा. त्याने एकदाही मोजपट्टी लावली नाही. पांढऱ्या दगडांमध्ये काळ्या दगडांची वेल हळूहळू पुढे सरकत होती, आणि मी निघाले तेव्हा तिला आणखी एक पान फुटले होते. बरोबर कोणी असते तर ‘चल, उशीर होतोय’ म्हणून मला तिथून ओढून नेले असते. एकटीने फिरण्यात हा एक अधिकार आपल्याला मिळतो, आणि तुम्ही तो अजून एकदाही वापरलेला नाही.

सांता जुस्ताच्या लिफ्टची रांग पुन्हा लावू नका. ती लिफ्ट 1902 सालची आहे, लोखंडी नक्षी देखणी आहे, ती खालून पाहा. वर जायचे असेल तर बायशा-शियादू मेट्रो स्थानकाचे सरकते जिने आहेत. त्या स्थानकाचे एक तोंड खाली बायशात आणि दुसरे वर शियादूत निघते, त्यामुळे गुडघ्यांना चढ जाणवत नाही. तिथून पाच मिनिटांवर कार्मूचा चौक आहे, आणि त्या चौकात दुपारचा एक तास घालवा असे मी आग्रहाने सांगते. तिथली झाडे तुम्हाला ओळखीची वाटतील, कारण ती आपल्या नीलमोहराची आहेत आणि मेअखेरीस ती फुलायला लागतात. चौकाच्या एका अंगाला कार्मूच्या मठाचे चर्च आहे. 1755 मध्ये त्याचे छत कोसळले आणि ते पुन्हा कधी घातलेच नाही, त्यामुळे दगडी कमानी नुसत्या आभाळाला टेकलेल्या दिसतात. शेजारीच पोलीस दलाचे मुख्यालय आहे. 25 एप्रिल 1974 रोजी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाहीविरुद्ध उठाव केला तेव्हा तेव्हाचा पंतप्रधान मार्सेलु कायतानु याच इमारतीत अडकला आणि इथेच शरण आला. बाहेर चौकात लोकांची गर्दी होती आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवलेली होती. आपल्या दृष्टीने या चौकाला आणखी एक अर्थ आहे. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला होता, पण लिस्बनच्या जुन्या राजवटीने ते कधी मान्य केले नाही. उठावानंतर आलेल्या सरकारने 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. गोव्याच्या मुक्तिसंग्रामासाठी महाराष्ट्रातून सत्याग्रही गेले होते, हे तुम्ही वर्गात शिकवलेच असेल. त्या धड्याचे दुसरे टोक या नीलमोहरांखाली आहे.

आता जेवणाविषयी, कारण माझ्या मते तुमच्या रडण्यामागे मठाच्या बंद दारापेक्षा रिकामे पोट अधिक होते. मुख्य जेवण दुपारीच घ्या. लिस्बनच्या लहान खाणावळींत दुपारी आसपासच्या दुकानांतली आणि कार्यालयांतली माणसे एकेकटी येऊन जेवतात, त्यामुळे एकट्या बाईकडे कोणी वळूनही पाहत नाही. सव्वाबाराला, गर्दी व्हायच्या आत जा, एक बोट दाखवून ‘उमा पेसोआ’ म्हणा, म्हणजे एकच जण. टेबलावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतील. ते फुकट नसते. खाल्ले तर त्याचे पैसे लागतात, आणि नको असेल तर हसून परत करावे, कोणी वाईट मानत नाही. ‘सें कार्न, सें पैश’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे शब्द पाठ करा. ‘सोपा दे लेगुमिश’ हे भाज्यांचे सूप जवळपास सगळीकडे मिळते आणि तुमच्या रात्रीच्या जेवणाला तेवढे सूप आणि पाव पुरे. ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पाल्याचे आणि बटाट्याचे सूप दिसते शाकाहारी, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात. दुकानाच्या काचेआड ‘शमूसा’ म्हणून समोसा दिसेल, तो आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे, मात्र त्यातही बहुतेक वेळा मांस असते. प्रसिद्ध ‘पश्तेल दे नाता’मध्ये अंड्याचा बलक असतो, अंडे चालत असेल तर तो गरम असताना दालचिनी भुरभुरून खा, चालत नसेल तर नाव ऐकून मोहात पडू नका. न्याहारीला ‘तुर्रादा’, म्हणजे जाड कापांचा लोण्यात भिजलेला टोस्ट, आणि ‘गलांव’, म्हणजे उंच पेल्यातली दुधाळ कॉफी, हे निर्धास्त घ्या. वरणभाताची फारच आठवण झाली तर लुमियार भागात राधाकृष्णाचे मंदिर आहे. ते मुख्यतः मोझांबिकमार्गे तिथे स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबांनी उभारले. तिथल्या भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते, वेळ विचारून एखादी दुपार तिकडे काढा.

भाषेची भीती तुम्ही लिहिली आहे. उद्या एखाद्या भाजीच्या दुकानात जा आणि पाट्या वाचा. बटाटा तिथेही ‘बताता’च, अननस ‘अनानाश’, काजू ‘काजू’, आणि कोबीचे मूळ ‘कोव’ तिथल्याच टोपलीत. पावाला ते नाकातून ‘पांव’ म्हणतात, आपल्या जुन्या पुस्तकांत छापलेला असे तसाच अनुस्वारासकट. हॉटेलची चावी मागताना ‘शाव्ह’ म्हणा. चारशे वर्षांपूर्वीपासून आपण यांचे शब्द वापरत आलो आहोत, ते आता तुमच्या उपयोगी पडू द्या. आभार मानताना बाई ‘ओब्रिगादा’ म्हणते आणि पुरुष ‘ओब्रिगादु’. आपण ‘गेले’ आणि ‘गेलो’ म्हणतो तसेच, त्यामुळे मराठी माणसाची यात चूक होण्याचे कारण नाही. आणि न्याहारीची जागा व दुपारची खाणावळ एकदा निवडलीत की बदलू नका. तिसऱ्या दिवशी काउंटरमागचा माणूस तुम्हाला पाहताच पेला हातात घेतो, न विचारता तीच कॉफी पुढे ठेवतो. परक्या गावात आपल्याला कोणी ओळखले की जिवात जीव येतो, आणि त्यासाठी दोन सकाळी त्याच दारात जाणे पुरते.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात सांगते. लिस्बन एकट्या बाईला धास्ती वाटावी असे शहर नाही, पण खिसेकापू आहेत आणि अठ्ठावीस नंबरची गच्च भरलेली ट्राम ही त्यांची आवडती जागा आहे. ती ट्राम हवीच असेल तर मार्तीं मोनीशहून सकाळी लवकर धरा, पिशवी पोटाशी घ्या. बायशात कोणी कुजबुजत काही विकायला आला तर न थांबता पुढे जा. मदतीचा क्रमांक 112 आहे, आणि पर्यटकांसाठीची पोलीस चौकी रेश्तौरादोरेश चौकात फोझ राजवाड्याच्या इमारतीत आहे.

संध्याकाळ ही तुमची अवघड वेळ, म्हणून तिच्यासाठी आधीच काही ठरवून ठेवा. साडेपाच-सहाला काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासील्याशची बोट पकडा. दहाएक मिनिटांचा प्रवास आहे आणि मेट्रोचेच कार्ड चालते. पलीकडे उतरून धक्क्यावर थोडे बसा आणि परतीच्या बोटीत पुढच्या बाजूला उभ्या राहा: टेकड्यांवर चढत गेलेले सगळे शहर समोरून जवळ येते, आणि सकाळी चाललेला सरळ रस्त्यांचा भाग नि वाकड्या गल्ल्यांची टेकडी वेगवेगळी ओळखता येते. मग सूप, खोली, झोप. आठला झोपलात तरी चालेल. फादू या पोर्तुगीज गाण्याची मैफल गुरुवार-शुक्रवारवर ठेवा, कारण ती रात्री उशिरा रंगते, आणि गाणे चालू असताना तिथे दिवे मंद करून सगळे नि:शब्द बसतात. पेंगत ऐकण्याची ती गोष्ट नाही.

बेलेंला पुन्हा जा. लिस्बनची बरीच संग्रहालये आणि मठ सोमवारी बंद असतात, हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, त्यात तुमचा दोष नाही. तिकीट आदल्या दिवशी काढा आणि दार उघडतानाच पोहोचा. राजा मानुएल पहिला याच्या काळात सुरू झालेल्या त्या बांधकामात दगडातून दोरखंड, गाठी आणि सागरी वनस्पती कोरल्या आहेत. दुमजली ओवऱ्यांमधून सावकाश फिरा, सकाळचे ऊन कमानींच्या जाळीतून तिरपे येते तेव्हा तिथे बसायला जागाही मिळते. चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो 1498 मध्ये कालिकतला आला, 1524 मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला आणल्या आणि 1880 मध्ये इथे ठेवल्या. त्याच्या येण्याने आपल्या किनाऱ्यावर काय काय घडले, हे ठाऊक असलेल्या माणसाने त्या कबरीपुढे उभे राहणे आणि इतरांनी उभे राहणे यांत फरक आहे. तिथे काय वाटले ते मला जरूर कळवा.

मुलीला खरे सांगा. ‘काल रडले, दमले होते, आज बरी आहे’ एवढे वाक्य तिला पेलवेल, आणि तुम्हालाही ‘मजेत आहे’चे ओझे वागवावे लागणार नाही. आणि पाय वर करून पडलेल्या मैत्रिणीला रोज एक फोन करा. यादी तिनेही केली होती, बेत तिचाही होता. दिवसभराचा वृत्तान्त नको. पाहिलेली एकच गोष्ट तिला नीट सांगा, पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या किंवा दगड बसवणारा तो हात. दुपारचे जेवण झाल्यावर, एकच्या सुमारास फोन लावा. तेव्हा सांगलीत साडेपाच वाजलेले असतात आणि ती चहा घेत बसलेली असेल.